घाट लागला की गाडी तापते: जुन्या मिनी ट्रकचं पुन्हा पुन्हा उठणारं दुखणं

खंबाटकीचा घाट पुण्याकडून साताऱ्याकडे येताना चढावा लागतो. साताऱ्याकडून पुण्याला जाताना बोगदा आहे. त्यामुळे मार्केट यार्डातून माल भरून वाईकडे येणाऱ्याच्या वाट्याला भरल्या गाडीने चढ आणि रिकाम्या गाडीने बोगदा, असा उलटा न्याय येतो. याच चढावर माझी गाडी दोन उन्हाळ्यांत चार वेळा तापली. दर वेळी दुरुस्ती झाली, दर वेळी "आता बिनधास्त पळवा" म्हणत किल्ली हातात मिळाली आणि दर वेळी काही आठवड्यांत काटा पुन्हा लाल पट्ट्यात. शेवटी निघालं काय, तर रेडिएटरचं झाकण. किंमत १८० रुपये. ते सापडेपर्यंत २१,००० रुपये गेले होते आणि ११ दिवसांचा खाडा झाला होता.

गाडी कोणत्या कंपनीची ते मुद्दाम सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाण्याने थंड होणारं, सीट उचलली की खाली दिसणारं. पाऊण टनाच्या आसपास माल भरायची परवानगी. २००५ साली टाटांची एस आली, ७०२ सीसी आणि १६ अश्वशक्तीची, आणि लोकांनी तिला छोटा हत्ती करून टाकलं. मग त्याच वर्गात बाकीच्या कंपन्याही उतरल्या. आज जुन्या बाजारात सव्वा ते दोन लाखांत फिरणाऱ्या या सगळ्या डिझेल गाड्यांची तब्येत साधारण सारखीच असते: इंजिन लहान, काम मोठं, आणि आधीच्या मालकाने पाण्याकडे केलेलं दुर्लक्ष.

आधी एवढंच ठरवा: तापते कधी?

गॅरेजमध्ये जाऊन "गाडी गरम होते" एवढंच सांगितलं की समोरचा त्याला जे काम येतं ते सुचवतो. रेडिएटर साफ करणारा रॉडिंगवाला रॉडिंग सांगतो, हेडवाला हेड, म्हणजे सिलिंडरवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, उतरवायला सांगतो. त्याआधी चार दिवस आपणच लक्ष ठेवायचं.

सिग्नलला किंवा बाजारात उभी असताना काटा चढतो आणि गाडी हलली की उतरतो, तर पंख्याकडे बघा. चालत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंखा. इलेक्ट्रिक पंखा असेल तर फ्यूज, रिले, पंख्याचा स्विच आणि त्याच्या वायरचा सडलेला जोड. पट्ट्यावर चालणारा असेल तर पट्टा सैल झालाय का. पंख्याला कायमचा डायरेक्ट करंट देणं हा आपल्याकडचा आवडता उपाय. एखाद्या दिवशी घरी पोचण्यापुरता ठीक आहे, पण मग बॅटरी आणि पंख्याची मोटर दोन्ही लवकर जातात.

उलट बाजारात ठीक, पण चढावर किंवा हायवेला भरून पळवली की तापते, तर पंखा सोडा. रेडिएटर आतून क्षाराने भरलेला, बाहेरून फिन्समध्ये माती आणि भुसा बसलेला, खालचा पाईप आत दबणारा, झाकण दाब न धरणारं, हेडखालचं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी) नुकतं सुटायला लागलेलं, यांपैकी काहीतरी. माझं दुखणं याच गटातलं.

सकाळी सुरू केल्यावर दहा मिनिटांतच काटा वर, तर पाणीच नाही, किंवा आत हवा अडकली आहे, किंवा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बंद अवस्थेत अडकलाय, किंवा हेड गॅस्केट पुरतं गेलंय. अशा गाडीने खेप मारायचीच नाही.

आणि काटा एका झटक्यात टोकाला जाऊन परत खाली येत असेल, तर पाणी कमी होऊन सेन्सर मधूनच कोरडा पडतोय का ते आधी बघा. पाणी पुरेसं असेल तर सेन्सरची वायर आणि अर्थ. इंजिन अशा उड्या मारत गरम-थंड होत नाही.

आणखी एक गोष्ट यादीत कुणी धरत नाही, ती म्हणजे ब्रेक. पाच-सात किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक न दाबता गाडी थांबवा आणि चारही चाकांच्या मध्यभागी हात न टेकवता जवळ नेऊन बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा भट्टीसारखं लागलं, तर तो ब्रेक सुटत नाहीये. सोळा-वीस अश्वशक्तीच्या इंजिनाने माल ओढायचा, घाट चढायचा आणि वर स्वतःचाच ब्रेक ओढायचा म्हटल्यावर ते तापणारच. जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवलं की खात्री होते.

माझ्या गाडीत काय झालं होतं

पहिल्यांदा तापली तेव्हा निदान झालं "रेडिएटर चोक आहे". टाक्या उघडून, नळ्यांत सळ्या घालून साफ करून आणला, म्हणजे रॉडिंग. १,८०० रुपये. क्षार निघाला हे खरं, वाटीभर. कारण उघड होतं: आधीचा मालक बोअरचं पाणी ओतायचा. आपल्या भागातल्या बोअरचं पाणी जड, भांड्याला पांढरा थर धरणारं; तोच थर इंजिनाच्या आत बसतो आणि लोखंड ते पाणी यांच्यामध्ये गोधडी पांघरल्यासारखं होतं. रॉडिंग वाया गेलं असं मी म्हणणार नाही. पण तापणं थांबलं नाही.

दुसऱ्यांदा वॉटर पंप आणि पट्टा, २,६०० रुपये. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी झिरपतं आणि हिरवट-पांढरा ओघळ दिसतो. माझ्या पंपाला ओघळ नव्हता. तरी बदलला, कारण "एवढं खोललंय तर टाकून घ्या". हे वाक्य आयुष्यात मला किती हजारांना पडलंय त्याचा हिशेब वेगळाच.

तिसऱ्यांदा घाटात वाफ निघाली आणि हेड गॅस्केट उडालं. हेड उतरवलं, लेथवर फेस मारून घेतला (म्हणजे खालची बाजू घासून सपाट केली), गॅस्केट किट, मजुरी, सगळं मिळून ९,४०० आणि चार दिवस. पुढच्या मार्चमध्ये चौथ्यांदा तेच. पुन्हा गॅस्केट, ७,२०० रुपये. या वेळी गाडी घाटाच्या खालच्या बाजूला एका जुन्या फिटरकडे टोचन करून नेली होती. काम झाल्यावर पैसे घ्यायच्या आधी त्यांनी विचारलं,

"टाकीत रात्री पाणी किती असतं? आन् सकाळी किती?"

"बघितलं नाही मामा. कमी दिसलं की बाटलीभर ओततो."

"मग दोन वर्सं काय खोलत बसलायस? आधी टाकीवर रेघ मार."

रेडिएटरला जोडलेल्या, जास्तीच्या पाण्याच्या प्लॅस्टिकच्या टाकीवर मार्करने रेघ मारली. घाटाखालच्या खंडाळ्यापर्यंत (लोणावळ्याजवळचं नव्हे) एक फेरी मारून आलो. गरम गाडीत पाणी रेघेच्या चार बोटं वर. इथपर्यंत बरोबर, पाणी तापलं की फुगतं आणि जास्तीचं टाकीत येतं. रात्रभर गाडी तिथेच ठेवली. सकाळी पाणी रेघेवर यायला हवं होतं, कारण थंड होताना रेडिएटर ते परत ओढून घेतो. आलं नव्हतं. टाकी भरलेली तशीच आणि झाकण उघडलं तर रेडिएटर वरून चांगला मोकळा.

झाकणाचं काम काय असतं ते मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्यात दोन झडपा असतात. मोठी स्प्रिंगची झडप आतला दाब धरून ठेवते. तिच्या मध्यभागी एक छोटी झडप, ती थंड होताना उघडून टाकीतलं पाणी परत आत घेते. दाब का धरायचा? दाबाखाली पाणी उशिरा उकळतं म्हणून. उघड्यावर १०० अंशांना उकळणारं पाणी ०.९ बारच्या झाकणाखाली ११८ अंशांच्या आसपास उकळतं. आमच्याकडे वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरवर, म्हणजे बिनदाबाचं पाणी इथे शंभरच्याही आधीच उकळायला लागतं.

माझ्या गाडीवर दुसऱ्याच कुठल्या गाडीचं झाकण होतं. दिसायला तसंच, आट्यात बसायचंही, पण आतलं रबर नरड्याच्या बैठकीवर टेकतच नव्हतं. सपाट रस्त्यावर पाणी ८५-९० अंशांवर राहायचं, तिथे दाब असला काय नि नसला काय, काही कळायचं नाही. घाटात पाणी शंभरीला टेकलं की हेडच्या आत वाफेचे बुडबुडे, ते पाण्याला ढकलून बाहेर काढणार, थंड झाल्यावर पाण्याच्या जागी हवा आत येणार. अशा पाच-सहा खेपा झाल्या की हेडच्या वरच्या भागात पाणीच नाही. मग हेड वाकणार आणि गॅस्केट उडणार. गॅस्केट नवीन घालून वर तेच झाकण बसवलं की चक्र पुन्हा पहिल्यापासून.

गाडीच्या पार्ट नंबरचं झाकण १८० रुपये, थर्मोस्टॅट ४५०, कूलंट ९००. एकूण १,५३०. त्यानंतर एप्रिल-मे गेले, भर दुपारी दोन वाजता भरल्या गाडीने घाट चढलोय, काटा मध्याच्या वर थोडासा जातो आणि तिथेच थांबतो.

तुमचं झाकण तपासायला यंत्र लागत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना काढा. रबर कडक झालंय, चीर आहे, की एका बाजूला दबलंय बघा. मधली छोटी झडप नखाने उचलून सोडा, ती परत बसली पाहिजे. झाकणावर दाबाचा आकडा कोरलेला असतो, तो गाडीच्या पुस्तकाशी जुळवा. रेडिएटरच्या नरड्यापासून टाकीकडे जाणारी बारीक नळीही बघा. तिला चीर असेल तर चांगलं झाकणसुद्धा पाणी न ओढता हवाच ओढतं. आणि रेघेची तपासणी करा, ती फुकट आहे.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा रिवाज

तुमची जुनी गाडी खोललीत तर दहात निम्म्या वेळा थर्मोस्टॅट जागेवर नसेल, असा माझा अंदाज. माझ्या गाडीतही नव्हता. "आपल्याकडच्या उन्हाला कशाला पाहिजे ते? थंड देशातलं आहे" असं मला तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं आहे.

थर्मोस्टॅट इंजिनाला ठरलेल्या तापमानावर आणतो आणि तिथे ठेवतो. तो नसेल तर सकाळी इंजिन बराच वेळ गारच राहतं, डिझेल नीट जळत नाही, काळा धूर वाढतो, ॲव्हरेज पडतो आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीची झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की पाण्याची आतली आडवाट बंद होते. तोच नसेल तर थोडं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरत राहतं आणि भर चढावर उलट जास्त तापतं. तपासायचा असेल तर दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि गॅसवर ठेवा. त्यावर ८२ किंवा तत्सम आकडा कोरलेला असतो. त्या सुमारास उघडायला लागला पाहिजे आणि उकळीपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. पातेलं घरातलं नको. मी घेतलं होतं.

कूलंटही तसंच. थंडीत पाणी गोठू नये म्हणून ते आहे असा समज आहे, आणि साताऱ्यात कुठे पाणी गोठतं? पण त्यात गंज आणि क्षार रोखणारी रसायनं असतात आणि लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड असलेल्या इंजिनाला त्यांचीच जास्त गरज असते. सांद्र कूलंट असेल तर निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. तयार मिसळलेलं असेल तर त्यात पुन्हा पाणी घालू नका. जुनं काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात सोडू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

भरताना घाई नको. गाडीचं तोंड थोडं चढावर घ्या, झाकण उघडं ठेवून सावकाश भरा, इंजिन चालू करून वरचा पाईप दाबत राहा, बुडबुडे थांबले की पुन्हा वरपर्यंत भरा आणि मग झाकण. आत अडकलेली हवा काढली नाही, तर नव्या कामानंतर पहिल्याच खेपेला गाडी तापते आणि बिचाऱ्या मिस्त्रीच्या नावाने शंख होतो.

हेड खरंच गेलंय का?

हेड उतरवायला हो म्हणण्याआधी या तीन गोष्टी स्वतः बघा. गार इंजिनाचं झाकण काढून सुरू करा: पाण्यात सतत, एका लयीत बुडबुडे येत असतील तर सिलिंडरचा दाब पाण्यात शिरतोय. सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे मोजू नका, ती अडकलेली हवा असू शकते. दुसरं, झाकण लावून गार इंजिन सुरू करा आणि मिनिटभरात वरचा पाईप हाताने दाबा. पाणी तापायच्या आधीच पाईप दगडासारखा झाला तर तो दाब उष्णतेचा नव्हे. तिसरं, डिपस्टिक आणि ऑइलचं झाकण: दुधाळ चहासारखा थर दिसला तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. मग गाडी सुरूच करायची नाही, बेअरिंगं जातात.

हेड उतरलंच तर समोर उभं राहा. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने वाक मोजतात. मर्यादा गाडीच्या पुस्तकात असते. न मोजता सरळ फेस मारायला पाठवलं तर विचारा, का. प्रत्येक फेसला हेड पातळ होतं, आणि दोन-तीनदा फेस झालेलं हेड पुढच्या मालकाच्या गळ्यात मारलेलं असतं. तडा तपासून घ्या. बोल्ट मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच (ठरलेला जोर मोजून आवळणारा पाना) आवळले गेले पाहिजेत. पान्याला पाईप लावून "हाताला कळतं" म्हणणारे हात मी पाहिले आहेत. माझ्या दुसऱ्या गॅस्केटच्या आयुष्यात त्या हाताचाही वाटा असावा.

घाटात काटा वर गेला तर

एसी या गाड्यांत बहुधा नसतोच, पण हीटर असेल तर पूर्ण चालू करा, तोही एक छोटा रेडिएटरच. गियर कमी करा. तिसऱ्यात रडत रडत ओढण्यापेक्षा दुसऱ्यात इंजिन मोकळं फिरलं की पंप आणि पट्ट्यावरचा पंखा दोन्ही जोरात फिरतात. जागा बघून डावीकडे घ्या. पाणी आत असेल, बाहेर कुठे फुटलं नसेल, तर लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटं आयडलवर चालू द्या. पाईप फुटून पाणी गेलं असेल तर मात्र त्या क्षणी बंद.

झाकणाला हात लावू नका. जाड फडकं घेऊनसुद्धा नाही. आतलं पाणी शंभरच्या वर गेलेलं असतं. दाब सुटला की एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. निदान पाऊण तास थांबा. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. घाटातल्या हॉटेलवाल्यांच्या बाटल्या याच कामासाठी रोज विकल्या जातात.

बाकीची दुखणी, थोडक्यात

क्लच: घाट आणि जादा माल, दोन्ही मिळून प्लेट खातात. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही आणि जळका वास येतो. प्लेट बदलताना प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही त्याच वेळी टाका. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा कशाला?

मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि सेंटर बोल्ट: गाडी एका बाजूला झुकलेली दिसली तर पाटा तुटलाय. पाटे वाढवून घेतलेली गाडी घेऊ नका असं मी सांगेन. तिने आयुष्यभर दीड टन वाहिलाय आणि ती मार तिच्या हाउसिंगला, बेअरिंगला, चासीला बसलेली आहे. चासीवर वेल्डिंगचे ठिगळ शोधा, विशेषतः मागच्या पाट्यांच्या खुंट्यांजवळ. कोकणात फिरलेली गाडी असेल तर हौद्याच्या खाली टॉर्च घेऊन झोपून गंज बघा.

गाडी सुरू होताना आणि सोडताना खालून "टक" आवाज आला तर मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे. स्वस्त काम आहे, टाळलं तर शाफ्ट रस्त्यावर पडतो. थंडीत सकाळी पांढरा धूर सोडत रेंगाळून सुरू होते, तर हीटर प्लग आधी बघा, डिझेलच्या पंप-नोझलला हात नंतर. डिझेल फिल्टरमधलं पाणी पावसाळ्यात आठवड्याला सोडा.

विकत घेताना गाडी बघायला सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी जा. बॉनेटला किंवा सीटखाली हात लावून बघा. गरम लागलं, तर तुमच्यासाठी आधीच सुरू करून ठेवली आहे.

कागद आणि वर्षाचा हिशेब

सगळ्यात जास्त टोचणारा आकडा विम्याचा. मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात सगळ्यात खालचा टप्पाच ७,५०० किलो एकूण वजनापर्यंतचा आहे. १ जून २०२२ पासूनचा त्याचा दर १६,०४९ रुपये, वर जीएसटी. म्हणजे भरून दीड-दोन टन होणारी आपली गाडी आणि साडेसात टनाची गाडी एकाच रांगेत. यात घासाघीस होत नाही. घासाघीस होते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, आणि दहा वर्षांच्या गाडीला तो भाग घ्यायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी घेत नाही.

पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी. म्हणून सात वर्षांची गाडी आणि नऊ वर्षांची गाडी यांच्या किमतीतला फरक तेवढाच धरू नका. नऊवाली दर वर्षी रंग, रेडियम, ब्रेक, लाईट करत आरटीओच्या दारात उभी असते. घेताना आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. जुन्या ई-चलानांची यादी विकणाऱ्यासमोरच मोबाइलवर काढा.

दोन गोष्टींत मात्र दिलासा आहे. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहतुकीचा परमिट लागत नाही. आणि ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. ड्रायव्हर ठेवताना याचा उपयोग होतो. जादा माल मात्र महाग: कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे. एका पकडीत माझी झाकण, पंप, गॅस्केट सगळी कथा आली.

माझं वर्षाचं चालणं २४,००० किलोमीटरच्या आसपास. भरून-रिकामी मिळून लिटरला १५ पडतो, म्हणजे १,६०० लिटर डिझेल. नव्वदच्या भावाने १,४४,००० रुपये. तेल-फिल्टर सात हजार. टायर, ब्रेक, पाटे यांना मी दर महिन्याला १,५०० बाजूला काढतो, कारण ते एकदम येतात. बॅटरी तीन वर्षांनी. आणि एक रकाना खाड्याचा: गाडी उभी राहिली की मला दिवसाला बाराशेचा फटका, म्हणजे त्या ११ दिवसांचे १३,२०० रुपये. गॅरेजचं बिल २१,००० होतं, खरा खर्च ३४,२०० होता. भाडं ठरवताना हा रकाना धरला नाही तर हातात काय उरतं ते डिसेंबरपर्यंत कळतच नाही.

सध्या काटा जागेवर आहे. रेघ अजून रोज सकाळी बघतो. गेल्या आठवड्यापासून तिसऱ्या गियरमध्ये घरघर यायला लागली आहे. गिअरबॉक्सचं तेल काढून बघतो, तळाच्या बोल्टला लोखंडाचा कीस लागतोय का.